पंखा, कूलर, फ्रीज खरेदीचे नियम: केवळ तारे पाहावेत की वस्तूचे सारे आयुष्य?

ग्रामपंचायत, पतसंस्था किंवा शाळा व्यवस्थापन समिती विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी दरपत्रके मागवते, तेव्हा सर्वांत कमी दर हीच बहुधा एकमेव कसोटी असते. ही कसोटी अपुरी आहे, हे उन्हाळ्याचे वीजबिल आणि अडगळीच्या खोलीत साचलेले बंद सामान पाहिले की ध्यानात येते. ती बदलायची असेल तर दोन नमुने उपलब्ध आहेत. एक आपल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकनाचा आणि दुसरा युरोपीय संघाच्या पर्यावरणपूरक रचनेच्या नियमांचा. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातील, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागातील संस्थेने त्यांतून काय घ्यावे, हा येथील प्रश्न आहे.

तारांकनाचा पाया २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात आहे. २००६ मध्ये ही योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली, २०१० मध्ये फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आणि एसीसाठी सक्तीची झाली आणि जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही सक्तीने लागू झाली. सक्ती असलेल्या वस्तूला किमान एक तारा मिळवावाच लागतो, म्हणजे लेबल हीच किमान मर्यादाही ठरते. दुकानदाराला आणि सरपंचाला ते सारखेच वाचता येते, हा याचा मोठा गुण आहे. मात्र निकष काही वर्षांनी कडक होत असल्याने ताऱ्यांसोबत लेबलावरील कालावधीही वाचला पाहिजे, कारण जुन्या लेबलाचे पाच तारे नव्या निकषांवर टिकतीलच असे नाही. त्याहून महत्त्वाची मर्यादा अशी की तारे फक्त वापरातील विजेबद्दल बोलतात; वस्तू बिघडल्यावर काय, याचे उत्तर त्यांच्यात नाही.

युरोपने २००५ च्या निर्देशात कच्च्या मालापासून वस्तू टाकाऊ होईपर्यंतचे सर्व टप्पे विचारात घेतले. सुरुवातीला वीज वा इंधन वापरणाऱ्या वस्तूंपुरता असलेला हा आवाका २००९ मध्ये ऊर्जेशी संबंधित इतर वस्तूंपर्यंत आणि २०२४ च्या नव्या नियमनाने जवळजवळ सर्व भौतिक वस्तूंपर्यंत वाढला. नियम वस्तुगणिक ठरतात. उदाहरणार्थ, बंद ठेवलेल्या पण प्लगमध्ये असलेल्या अनेक घरगुती व कार्यालयीन उपकरणांच्या वीजवापरावर २०१० पासून १ वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा आली. २०२१ पासून फ्रीजचे ठरावीक सुटे भाग किमान ७ वर्षे आणि वॉशिंग मशीनचे किमान १० वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले. हे कायदे आपल्याला लागू नाहीत आणि वस्तू तपासायला आपल्याकडे प्रयोगशाळाही नाही. परंतु त्यांतील अटी दरपत्रकात लिहिण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.

पंख्याच्या बाबतीत हा फरक अगदी स्पष्ट होतो. साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचा पंखा सुमारे ३०. दिवसाला ८ तास आणि वर्षाला २५० दिवस धरले, तर एका पंख्यामागे ९० युनिट वाचतात. शिवाय भर उन्हाळ्यात डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार वाढून व्होल्टेज उतरले की साधा पंखा जेमतेम फिरतो, तर चांगला बीएलडीसी पंखा बराच वेग टिकवून धरतो. तारे पाहणाऱ्याचा निर्णय येथेच होतो. पण साध्या पंख्याचा कंडेन्सर गावातला वायरमन बदलतो आणि वाइंडिंग तालुक्याला होते. बीएलडीसीचे सर्किट जळले, तर त्याच कंपनीचे सर्किट लागते आणि ते मिळाले नाही तर उत्तम मोटर असलेला पंखा भंगारात जातो. म्हणून माझे मत बीएलडीसीच्याच बाजूने आहे, मात्र सर्किट किती वर्षे, किती दिवसांत आणि किती किमतीला मिळेल हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्यावरच.

कूलरला तारांकनाचा आधार जवळजवळ नसतोच, कारण आपल्याकडचे बहुतेक कूलर स्थानिक कारागीर पत्र्याचे बनवतात. येथे युरोपीय पद्धतीने विचार करणेच उपयोगी पडते. खाऱ्या पाण्याने ताट्यांवर पांढरा थर बसतो, गवत कडक होते, हवा कोंडते आणि एक्झॉस्ट पंखा तेवढीच वीज घेऊन कमी गारवा देतो. पंप क्षारांनी अडकतो आणि टाकीचा पत्रा तळाशी गंजून गळू लागतो. त्यामुळे बाजूच्या ताट्या अवजारांशिवाय निघाव्यात, पंप बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचा असावा, टाकी प्लॅस्टिकची किंवा गंजरोधक असावी आणि तळाला पाणी पूर्ण काढण्याची तोटी असावी, या चार अटी कोणत्याही लेबलापेक्षा जास्त वीज आणि पैसा वाचवतील. स्थानिक कारागीर त्या सहज पाळू शकतो; त्याचा रोजगारही गावातच राहतो, ही मला मोलाची बाब वाटते.

फ्रीजसाठी वर्षाकाठी युनिटचा लेबलावरील आकडा तुलनेला पुरेसा आहे; त्यात सुट्या भागांची अट तेवढी जोडावी. संगणक आणि प्रिंटरसाठी बंद स्थितीतील वीजवापर तांत्रिक माहितीपत्रकात पाहावा.

टाकाऊ वस्तूंबाबत आपलेच नियम हाताशी आहेत. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, त्यामुळे जुनी वस्तू परत नेण्याची अट दरपत्रकात घालणे रास्त ठरते.

फक्त एखादी वस्तू घेणाऱ्या कुटुंबाने ताऱ्यांवर विसंबून दुरुस्तीची सोय विचारून घेतली तरी भागते, कारण एका गिऱ्हाईकाला दुकानदार लेखी हमी क्वचितच देतो. दहा-वीस नग घेणाऱ्या संस्थेचा शब्द मात्र बाजारात ऐकला जातो. तिने किमान तारे ही प्रवेशाची अट ठेवावी, त्यापुढची निवड सुटे भाग आणि दुरुस्तीच्या हमीवर करावी आणि बिलाची काही रक्कम हमीचा काळ संपेपर्यंत अनामत म्हणून राखून ठेवावी.