पॅटरसनचा टँक तंबूत कसा चालतो

कॅमेऱ्याचा फिल्म रोल धुताना काळोख लागतो तो फिल्म रिळावर चढवून टँकचं झाकण लागेपर्यंतच. पुढचं सगळं उजेडात होतं. त्यामुळे पॅटरसन कंपनीचा सुपर सिस्टिम ४ टँक (फिल्म धुण्याचा बंद डबा, दोन रिळांचा) आणि एक चेंजिंग बॅग (बाह्यांतून हात घालून आत काळोखात काम करायची पिशवी) एवढ्यावर ब्लॅक अँड व्हाइट रोल तंबूतही धुता येतो. टँकबद्दल फारशी तक्रार नाही. रडवते ती बॅग.

दुहेरी कापड, दोन चेन, बाह्यांना इलॅस्टिक. उजेड आत शिरत नाही, तशी हवाही शिरत नाही. थोड्याच वेळात हातांच्या घामाने आत दमटपणा साचतो, फिल्मवरचं जिलेटिन ओल धरतं आणि फिल्म निम्मी चढली की रिळात अडकते. जोर लावलात तर ती मुडपते आणि निगेटिव्हवर चंद्रकोरीसारख्या खुणा उमटतात. अशा वेळी अर्धवट रीळ टँकच्या मधल्या नळीवर बसवा, उरलेली फिल्म वर सैल गुंडाळून ठेवा आणि झाकण लावा. मग हात बाहेर काढून पुसा, बॅग उघडून वारा लागू द्या. दोन रिळांचा टँक घ्यायचा तो यासाठीच, एका रिळाच्या टँकमध्ये एवढी जागा नसते.

३५ मिमीच्या रोलला आणखी एक सोय आहे. लीडर पिकरने (डबीत गेलेलं टोक ओढायच्या पट्टीने) फिल्मचं टोक बाहेर काढा, सरळ कापा, कोपरे किंचित गोल करा आणि रिळाच्या तोंडाशी असलेल्या छर्र्यांपलीकडे उजेडातच सरकवा. निम्मी कटकट तिथेच संपते. रीळ मात्र ठणठणीत कोरडं हवं. बॅगेत काय काय गेलं ते चेन लावण्याआधी मोजा: टँक, झाकण, कात्री आणि मधली काळी नळी. नळी राहिली तर झाकण लागतं, पण उजेड आत जातो आणि रोल काळा होतो.

एका ३५ मिमी रोलला २९० मिली द्रावण पुरतं, ३०० धरा. रोडिनल या डेव्हलपरच्या १+५० द्रावणासाठी (एक भाग रोडिनल, पन्नास भाग पाणी) सिरिंजने ६ मिली. इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला २० अंशांवर ११ मिनिटं, दर मिनिटाला पहिले १० सेकंद टँक उलटसुलट. पाणी २४ अंशांचं असेल तर वेळ पावणेआठ मिनिटांच्या आसपास येतो. त्याहून गरम पाण्यात वेळ पाच मिनिटांखाली गेला की फिल्म एकसारखी धुतली जात नाही, म्हणून बाटल्या आधी ओल्या फडक्यात गुंडाळून निववा. थर्मामीटर विसरलात तर बाकी सामान असून नसून सारखंच. टँकच्या तोंडावरचं मऊ झाकण लावताना मध्यभागी दाबून हवा काढा. तरी उलटताना थेंब गळतातच, टँक झोपायच्या पिशवीवर धरू नका.

डेव्हलपरनंतर साधं पाणी, मग रॅपिड फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं द्रावण) १+४, तीन ते पाच मिनिटं. धुवायला वाहतं पाणी लागत नाही: टँकमध्ये तेवढंच पाणी भरून ५ वेळा उलटा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. शेवटी वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रावणाचे) दोन थेंब. सगळं धरून एका रोलला साधारण दोन लिटर पाणी पुरतं.

वाळवणं हा खरा कच्चा दुवा. बाहेर टांगलेली फिल्म वाऱ्याने पिळवटते आणि ओल्या इमल्शनमध्ये (फिल्मवरच्या थरात) रुतलेली धूळ नंतर निघत नाही. तंबूच्या आत, कण्याला टांगून, खाली वजनाची क्लिप लावा आणि कोरडी होईपर्यंत आत कोणी चपला झटकू नका.

वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मची चांदी उतरलेली असते. तो ओढ्यात किंवा मातीत ओतायचा नाही, बाटलीत भरून परत न्यायचा. बाटलीवर ठळक अक्षरात लिहा, दिसायला तो पाण्यासारखाच असतो.