फाउंड्रीची स्पेक्ट्रो लॅब की कॅलिब्रेशन?

बीएस्सी फिजिक्सनंतर कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीचे हे दोन्ही रस्ते आहेत.

स्पेक्ट्रोत, म्हणजे ओतायच्या धातूत कोणता घटक किती आहे हे तपासणाऱ्या लॅबमध्ये, भट्टीतलं लोखंड तांब्याच्या साच्यात झटकन गोठवायचं, ग्राइंड करायचं, आरगॉनमध्ये ठिणगी पाडून वर्णपट वाचायचा. नमुना सावकाश थंड झाला तर ग्रॅफाइट सुटं होतं आणि कार्बनचा आकडा चुकतो. म्हणून तोडलेला नमुना आतून पांढराच दिसला पाहिजे. तोवर भट्टीवाले निकालासाठी खोळंबलेले असतात, त्यामुळे घाई आणि रात्रपाळी आलीच.

कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजमापाची उपकरणं प्रमाणाशी ताडून पाहण्याच्या कामाला, मात्र घाई चालत नाही. लांबी मोजण्यासाठीचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. 100 मिमीचा पोलादी गेज ब्लॉक (लांबी ताडून पाहायचा प्रमाण ठोकळा) 30 अंशांवर सुमारे 11 मायक्रॉननं वाढतो. प्रॅक्टिकलमध्ये त्रुटींचं गणित मनापासून आवडलं असेल, तर बेलाशक इकडे या.