प्रयोगाला म्हैस की मासा?

एका खुणेमागून खाणं वारंवार आलं की पुढं नुसत्या खुणेलाच प्रतिसाद मिळतो; हे शिकणं म्हणजे अभिजात अभिसंधान. ते म्हटलं की रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हचा, खाण्याच्या खुणेवरच लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. पण कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर बघा: बादली वाजली की म्हैस पान्हा सोडते, तेही तेच. तरी प्रात्यक्षिकाला ती नको. बादली, गवळ्याचा हात, पेंड, सगळं आधीच गुंतलेलं. पान्हा नेमका कशानं फुटला, सांगणार कसं?

टाकीतले मासे बरे. बॅटरीचा उजेड पाडायचा, दोन-तीन सेकंदांनी खाद्य. काही दिवसांनी नुसत्या उजेडावर ते वर येतात का, पाहायचं. शेजारच्या टाकीत खाद्य तेवढंच, पण उजेड भलत्या वेळी. ही तुलना नसेल तर प्रयोग कसला! शिकणं म्हणजे अनुभवानं वर्तनात आलेला टिकाऊ बदल, भुकेची धावपळ नव्हे. पुढं खाद्याविना उजेड दाखवत राहा. प्रतिसाद हळूहळू विझतो, तेही नोंदवा.