एसयूव्हीचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलले : काही महिने चालवल्यानंतर

पॅड बदलल्यापासून गाडी भर उन्हात, पावसात आणि सामानाने भरून लांबच्या उतारांवरही चालवून झाली आहे. पेडल घट्ट आहे, कुठे कुरकुर नाही, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत नाही. परवा टायर अदलाबदल करताना चाकं निघालीच होती, म्हणून पॅडची जाडी मोजली. दोन्ही बाजूंचे आतले-बाहेरचे पॅड जवळपास सारखेच झिजलेत. मला सगळ्यात जास्त आनंद याचाच झाला.

कारण जुने पॅड काढले तेव्हा उजव्या चाकाचा बाहेरचा पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक होता आणि आतला लोखंडी पत्र्याला टेकायला आला होता. चाकाच्या फटीतून बघितलं तर बाहेरचाच पॅड दिसतो, त्यामुळे वरवर सगळं ठीक वाटत होतं. दोष स्लाइड पिनचा होता. या कॅलिपरमध्ये (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा, पॅड दाबणारा भाग) पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, मग अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की सरकणं बंद, आणि सगळा भार आतल्या पॅडवर. माझी खालची पिन पिळून पिळून बाहेर काढावी लागली. तिच्यावरचं ग्रीस सुकून काळी खरपुडी झाली होती. ती पूर्ण साफ करून ब्रेकसाठीच मिळणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने पिनेवरचा रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारं आवरण, फुगतो.

पॅड बसण्याच्या खाचेतल्या स्टीलच्या क्लिपांखालीही गंज साठतो. तो क्लिपला वर उचलतो आणि नवा पॅड खाचेत आवळला जातो. तारेच्या ब्रशने ती जागा घासल्यावर पॅडचे कान बोटाने सरकायला लागले. पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर खाली गंज आहे असं समजा आणि तो आधी काढा.

बाकी काम सरळ आहे. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, उचलल्यावर स्टँड लावायचे, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. सुटा कॅलिपर तारेने टांगायचा, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू द्यायचा नाही. पिस्टन मागे दाबताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, त्यावर लक्ष हवं. रंगावर सांडलं तर रंग जातो. शेवटी नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याला.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करणं अत्यावश्यक आहे. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं, आणि हे रस्त्यावर कळून उपयोग नाही. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 पर्यंत वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मधे थोडं चालवून डिस्क गार होऊ द्यायची, असं अनेकदा. तापलेले पॅड एकाच जागी दाबून धरले तर त्यांचा थर डिस्कवर डागासारखा चिकटतो आणि पुढे थरथर सुरू होते. ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते नव्या पॅडबद्दलच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

पॅड सिरॅमिक घेतले. चाकांवरची काळी धूळ खूपच कमी झाली, आवाजही नाही. सेमी-मेटॅलिकसारखी पहिल्या स्पर्शाची पकड मात्र नाही. पाय थोडा जास्त दाबावा लागतो. याची सवय व्हायला वेळ गेला. भरल्या गाडीने सतत घाट उतरणाऱ्यांनी मी घेतले म्हणून सिरॅमिक घेऊ नयेत, त्यांना सेमी-मेटॅलिक बरे.

डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. माझी अजून तिच्या वर आहे. पॅड 3 मिमीवर आले की पुन्हा मोजेन, तोवर दर टायर अदलाबदलीला पिना सरकवून बघणार आहे.