85 वन पॉइंट फोर लेन्सच्या नादात 44,350 रुपये गेले

लाज वाटत होती म्हणून 3 आठवडे गप्प बसलो. आता लिहितोय, हसायचं त्यांनी हसा.

माझ्याकडे निकॉनचा एफएम2 हा फिल्म कॅमेरा आहे आणि निकॉनचीच निकॉर नावाची जुनी मॅन्युअल लेन्स, 85 एफ 1.4 (85 मिलिमीटरची, तोंड 1.4 पर्यंत उघडणारी; आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), किती वर्षं डोक्यात होती ते बायकोला विचारा. स्लाइड फिल्म 100 आयएसओची, आईचा फोटो संध्याकाळी खिडकीपाशी काढायचा तर 2.8 ला शटर 1/15 सेकंदावर जातं, हात हलतोच, 1.4 ला तेच 1/60 मिळतं. त्यात जाहिरात देऊन ही लेन्स विकणारा गृहस्थ सोबत कोडॅकच्या एक्टाक्रोम ई100 या स्लाइड फिल्मचे 10 रोल देतो म्हणाला. 2012 ला बंद झालेली फिल्म 2018 ला परत आली खरी, पण भाव ऐकूनच आपण दुकानातून बाहेर पडतो. लेन्स 31,500, रोल 1,100 प्रमाणे 11,000. फुकटात देत नव्हता हो, अगदीच पाण्याच्या भावात असतं तर मलाही संशय आला असता!

मी काही बावळट नाही. लेन्सशेजारी माझं नाव आणि तारखेची चिठ्ठी ठेवून फोटो मागितला. 10 मिनिटांत आला. झूम केला, तर अपर्चर रिंगवर (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते ठरवणारी कडी) शेवटचा नारिंगी आकडा 22. अरे, 85 वन पॉइंट फोरची रिंग 16 ला संपते, 22 असतो तो एफ 2 वाल्या 85 वर, हे मला झोपेतही सांगता येतं. बघितलं, खटकलं, आणि "एखादी वेगळी बॅच असेल" म्हणून पैसे पाठवले. स्लाइडवर उजेडाचं माप अर्धा स्टॉप चुकलं की फोटोतले उजळ भाग उडतात म्हणून मीटर दोनदा बघणारा माणूस मी! चिठ्ठी फोटोवर एडिट करून चिकटवलेली होती हे नंतर कळलं. व्हिडिओ कॉल मागा, आणि त्यात रिंग फिरवून दाखवायला लावा.

मग कुरिअर इन्शुरन्सचे 1,850, "रिफंडेबल". तेही दिले. रिफंडेबल शब्द दिसला की तिथेच थांबा. ट्रॅकिंगवर पार्सल नागपुरात डिलिव्हर्ड, मी पुण्यात, आणि त्याने मला ब्लॉक केलेलं.

पोलीस स्टेशनात पहिला प्रश्न, "लेन्स म्हणजे चष्म्याची का?" दुसरा, "जुन्या वस्तूला एवढे पैसे कशाला दिले?" दीड तास बाकावर बसवून म्हणे सायबरला जा, तिकडे गेलो तर साहेब बंदोबस्ताला, उद्या या, उद्या गेलो तर बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासकट आणा, आणि बँकेतली बाई मान वर न करता म्हणते, "पिन तुम्हीच टाकलाय ना सर?" हो, मीच टाकला, म्हणून काय चोराचं खातं तसंच चालू ठेवणार? लाजेपायी 2 दिवस मीही घालवले, तुम्ही घालवू नका, पहिल्या तासात 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

तक्रार अजून "प्रक्रियेत" आहे. जाहिरात काल परत दिसली. चिठ्ठीवर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव, रिंगवर 22 तसाच.