‘वेल’सोबत आठ महिने: तांत्रिक मॅन्युअलमधली विरामचिन्हं तपासताना

ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेक्निकल रायटर आहे. सर्व्हरचा बॅकअप घेणारं आमचं सॉफ्टवेअर आहे. त्याचं इंग्रजी मॅन्युअल आणि राज्यातल्या ग्राहकांसाठीचं मराठी मॅन्युअल, दोन्ही माझ्याकडे. गेले आठ महिने या दोन्हींवर मी ‘वेल’ चालवते आहे. मजकुरातली चिन्हं, शब्द आणि मांडणी आपण लिहिलेल्या नियमांप्रमाणे तपासणारं हे मुक्त स्रोत साधन आहे.

याची गरज का पडली ते आधी सांगते. पावसाळ्यातली संध्याकाळ होती. मी ऐरोली स्टेशनवर ठाण्याच्या गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात सपोर्टमधल्या मुलाचा फोन आला. ‘ताई, ग्राहकानं मॅन्युअलमधली कमांड जशीच्या तशी चिकटवलीय, पण चालत नाहीये.’ घरी पोचल्या पोचल्या लॅपटॉप उघडला. मूळ फाइलमध्ये कमांड अगदी बरोबर होती, अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. मग वेबसाइटवरच्या पानावरून तीच ओळ कॉपी केली, साध्या एडिटरमध्ये टाकली आणि अक्षरं मोठी केली. ऑप्शनच्या आधीचे दोन हायफन तिथे नव्हतेच. त्यांच्या जागी एक लांबट रेघ होती.

वेबसाइट तयार करणाऱ्या बऱ्याच साधनांमध्ये ही सोय असते. सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार होतात, दोन हायफनांचा डॅश होतो. जॉन ग्रुबर यांच्या ‘स्मार्टीपँट्स’ या छोट्या साधनानं ही पद्धत लोकप्रिय केली, आणि लेख वाचताना ती खरोखर छान दिसते. पण टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, हवा असतो साधा हायफन, म्हणजे युनिकोड क्रमांक यू+००२डी. त्याला मिळाला यू+२०१३. वाचणाऱ्याला दोन्ही आडव्या रेघाच, यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. कमांड कोड म्हणून खुणावलेली असती तर तिला हात लागला नसता. मी ती घाईत चालू वाक्यात लिहून टाकली होती. त्या ग्राहकाचा रात्रीचा बॅकअप माझ्या त्या घाईमुळे अडला, हे मला फार लागलं.

‘वेल’मध्ये मी लिहिलेला पहिला नियम हाच: चालू मजकुरात सलग दोन हायफन दिसले की चूक. मार्कडाउनमधले (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत) कोडचे तुकडे ‘वेल’ मुळातच बाजूला ठेवतो, त्यामुळे उरलेल्या मजकुरात जिथे दोन हायफन सापडतात, नेमकी तीच धोक्याची जागा असते. नियम लिहायला पाच-सहा ओळींची वायएएमएल (सेटिंग्ज लिहायचा साधा मजकूर-प्रकार) फाइल पुरते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ‘वेल’ आपण शोधायला दिलेल्या नमुन्याला दोन्ही बाजूंनी शब्दाची सीमा लावतो, म्हणजे तो सुटा शब्द म्हणूनच शोधतो. चिन्हांसाठी ‘नॉनवर्ड’ चालू केलं नाही तर नियम गप्प बसतो आणि आपल्याला वाटतं सगळं आलबेल आहे. माझे दोन दिवस यातच गेले.

बसवायला त्रास नाही. एकच प्रोग्राम, इंटरनेट नसलं तरी चालतो. मजकूर आपल्या मशीनबाहेर जात नाही, ही आमच्याकडे सर्वांत मोठी गोष्ट ठरली, कारण ग्राहकाचा मजकूर कुठल्याही ऑनलाइन तपासनिसाला चिकटवायची आम्हाला परवानगीच नाही. मार्कडाउनला आणखी काही लागत नाही. तशाच दुसऱ्या पद्धतींपैकी आस्कीडॉकला आस्कीडॉक्टर हे साधन लागतं, रिस्ट्रक्चर्ड टेक्स्टला डॉकयूटिल्स.

गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या लेखनशैलीचे नियम तयार मिळतात. मी उत्साहानं गूगलचे सगळे चालू केले आणि पडदा सूचनांनी भरून वाहिला. कुणीही असं करू नये. त्यांतला एक नियम तर आमच्या कामात घातकच होता. अमेरिकी पद्धतीप्रमाणे पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत घ्यायचा. आता व्हीआय एडिटरचं उदाहरण घ्या. तिथे ‘डीडी’ म्हणजे एक ओळ पुसा, आणि नुसता टिंब म्हणजे आधीची क्रिया पुन्हा करा. वाक्याचा पूर्णविराम आत घेतला आणि वाचणाऱ्यानं दिसतं तसं टाइप केलं, तर दोन ओळी जातात. असं चिन्ह बाहेरच हवं. गूगलची मार्गदर्शिकाही कोडसाठी ही सूट देते, पण नमुना जुळवणाऱ्या नियमाला कोड म्हणून न खुणावलेली कमांड कशी कळणार? तो नियम मी बंद केला.

आकडा आणि एकक यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा ठेवायचा नियम मात्र मला प्रिय आहे. ‘५१२’ ओळीच्या शेवटी आणि ‘एमबी’ पुढच्या ओळीवर, असं आता होत नाही. पण हीच न तुटणारी जागा कमांडमध्ये शिरली तर शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) तिला शब्दांमधली फट मानत नाही, आणि ‘कमांड सापडली नाही’ एवढंच उत्तर येतं. वर्डमधून मजकूर आणला की ती हमखास सोबत येते. ‘वेल’ कोड वगळतो म्हणून ती त्याच्या नजरेतून सुटत होती. त्यासाठी नियमाची व्याप्ती ‘रॉ’, म्हणजे कोडसकट मूळ मजकूर, ठेवून, नमुन्यात कोडच्या कुंपणाच्या (कोडच्या आधी-नंतरच्या) खुणा घेऊन वेगळा नियम लिहावा लागला. डोळ्यांना कधीही न दिसणारी चूक पकडून देणारा हा नियम मी कुठल्याही टीममध्ये सोबत नेईन.

टीममध्ये सुरुवातीला कुरबुर झाली. ‘एका कॉमासाठी माझं मर्ज का अडवतेस?’ असं एका डेव्हलपरनं सरळ विचारलं. मर्ज म्हणजे आपले बदल मुख्य प्रतीत मिसळणं. त्याचं म्हणणं रास्त होतं. ‘वेल’मध्ये सूचना, इशारा आणि चूक अशा तीन पातळ्या आहेत, आणि बिल्ड, म्हणजे मॅन्युअल तयार करायची आपोआप प्रक्रिया, फक्त ‘चूक’ असली तरच अडते. आम्ही एकत्र बसून ठरवलं: कॉपी केल्यावर जे मोडेल तेवढंच ‘चूक’. शेवटच्या ‘अँड’आधीचा कॉमा, उद्गारचिन्हं, डॅशभोवतीची जागा हे सगळं इशाऱ्यात. त्यानंतर भांडण राहिलं नाही. मलाही रिव्ह्यूमध्ये तेच ते शेरे लिहावे लागत नाहीत.

मराठी मॅन्युअलची गोष्ट वेगळी. आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत एक काका राहतात, त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलेलं. मराठी मॅन्युअलची छापील प्रत मी त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. ‘अगं, हा विसर्ग आहे. टीप या शब्दाला विसर्ग कुठून आला?’ पाहते तर खरंच, ‘टीप:’च्या जागी सगळीकडे ‘टीपः’. मराठीत विरामचिन्हं रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना दिलं जातं, हेही मला काकांकडूनच कळलं. अपूर्णविराम असा बाहेरून आला आणि दिसायला विसर्गासारखाच, म्हणून हात चुकतो. विसर्ग उच्चाराला असतो. तो शब्दाला चिकटला की शोधखिडकीत ‘टीप’ हा शब्द पूर्ण शब्द म्हणून सापडत नाही. त्याच आठवड्यात ‘टीपः’, ‘सूचनाः’, ‘उदाहरणः’ यांसाठी नियम लिहिला. ‘अंतःकरण’, ‘स्वतः’ यांना धक्का लागू नये म्हणून शब्दांची यादीच दिली.

दुसरी चूक काकांनाही दिसणं शक्य नव्हतं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: ऱ, म्हणजे यू+०९३१, वापरून, किंवा साध्या र्‌ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर फरक शून्य. पण एका प्रकारानं लिहिलेलं दुसऱ्या प्रकारानं शोधलं तर सापडत नाही. ‘दुसऱ्या सर्व्हरवर’ हा आमच्या मॅन्युअलमधला सर्वांत जास्त शोधला जाणारा विषय, आणि निम्मी पानं निकालातून गायब होती. आता जोडचिन्हवाला र दिसला की ‘वेल’ अडवतो आणि बदली अक्षर सुचवतो.

कमतरता सांगायलाच हव्यात. मराठी शुद्धलेखनासाठी हनस्पेल (शुद्धलेखन तपासणारं साधन) पद्धतीचा शब्दकोश जोडता येतो, पण ‘सर्व्हरवरच्या’, ‘फाइलमधल्यांना’ अशी रूपं लाल होत राहिली, म्हणून मी ते बंद केलं. स्क्रीनशॉटमधला मजकूर तपासला जात नाही. आणि मुख्य म्हणजे ‘वेल’ मूळ फाइल पाहतो, तयार झालेलं पान पाहत नाही. म्हणून वेबसाइट बनवताना होणारे आपोआप बदल मी पूर्ण बंद केले. वळणदार अवतरणचिन्हं आता हातानंच टाकते.

सुरुवात करणाऱ्यांनी तयार संच बाजूला ठेवून आपल्याला आधी चावलेल्या तीन चुकांचेच नियम लिहावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवी छापील प्रत परवा काकांना दिली. आज परत आली तेव्हा तिच्यात लाल शाईची एकच खूण होती: एका ओळीच्या शेवटी ‘क्र.’ आणि ‘७’ खालच्या ओळीत. तो नियम आता लिहायला घेतला आहे.