गंधक ८० टक्के डब्ल्यूडीजी: तासगावच्या द्राक्षबागेत कितपत चालतं?

डब्ल्यूडीजी म्हणजे पाण्यात पसरणारे दाणे. भुरीवर, म्हणजे पानांवर-घडांवर पांढरी पावडर चढवणाऱ्या बुरशीवर, एवढ्या कमी खर्चात दुसरं औषध सापडणं अवघड. प्रमाण लिटरला २ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या बॅरलला ४०० ग्रॅम. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून घ्या. चांगला माल लगेच विरघळल्यासारखा पसरतो. हलका माल तळाला गाळ धरतो आणि नोझल तुंबवतो. पुडा उघडा राहिला की ओल धरून गाठी होतात, मग तेच दुखणं.

भुरी दिसायच्या आधी किंवा नुकती लागताना मारलं तरच खरी किंमत कळते. घडावर पांढरी पावडर चढल्यावर एकट्या गंधकावर विसंबू नका. डाऊनीवर (केवडा रोगावर) तर उपयोगच नाही, दुकानदार काहीही सांगो.

पारा ३५ अंशांच्या वर असताना फवारलं की पानं करपतात, म्हणून ऑक्टोबर हीटमध्ये संध्याकाळीच मारा. खनिज तेलाची फवारणी झाली असेल तर दोन आठवडे थांबा. मण्यांत पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडू लागल्यावर) फवारलं तर मण्यांवर डाग राहतात आणि व्यापारी नेमकं तेच दाखवून भाव पाडतो.

जमिनीत टाकायचं ९० टक्क्यांचं बेन्टोनाइट (चिकणमाती मिसळलेलं) गंधक वेगळं. ते पंपात घालू नका.